भाजीपाल्याचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

‘भाजीपाल्यात मेहनत आहे, मग पैसा का नाही?’ या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे जाणीवपूर्वक वगळली असून केवळ तालुका दिला आहे. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी 1.34 हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर जमीन येते. या सहांपैकी कोणाकडेही तेवढी जमीन नाही, हे उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : माझी अडीच एकर बागायत आहे. एकरभर टोमॅटो आणि उरलेल्या रानात कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर अशी पिके घेतो. ठिबक आहे, मल्चिंग (वाफ्यावर प्लास्टिकचे आच्छादन) आहे, नवे वाणही लावून पाहतो. प्रत्येक मेळाव्यात ‘शेतकऱ्याने उद्योजक व्हावे’ असे ऐकतो. पण म्हणजे नेमके काय करावे, हे कोणी सांगत नाही. टोमॅटोची एक पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेली विक्रीची पावती, सोबत जोडली आहे. 180 रुपये क्रेट हा भाव मला बरा वाटला होता, तरी हंगामाअखेर हाती काही उरले नाही. एकराला तोडणी सोडून 1 लाख 60 हजार रुपये खर्च झाला आणि एकूण 1,600 क्रेट माल निघाला. — एक शेतकरी, जुन्नर तालुका

तुम्ही पट्टी जोडलीत, याबद्दल तुमचे मनापासून आभार. शेकडो पत्रे येतात, परंतु पट्टी फार थोडे लोक जोडतात. आणि पट्टीशिवाय दिलेला सल्ला म्हणजे नाडी न पाहता दिलेले औषध असते.

तुमच्या पट्टीवर 50 क्रेट, दर 180 रुपये, एकूण 9,000 रुपये असे लिहिलेले आहे. त्यातून हमाली 250, गाडीभाडे 750 आणि ‘इतर’ 540 रुपये वजा होऊन 7,460 रुपये तुमच्या पदरात पडले. त्या दिवशी तोडणीला पाच बायका आणि क्रेट वाहायला एक गडी मिळून 2,500 रुपये मजुरी गेली, असे तुम्ही पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहिले आहे. ती वजा केल्यावर 4,960 रुपये, म्हणजे क्रेटमागे 99 रुपये राहतात. आता रोपे, मल्चिंग, बांबू, तार, सुतळी, खते आणि औषधे यांवर झालेला 1 लाख 60 हजारांचा खर्च 1,600 क्रेटवर वाटला तर क्रेटमागे बरोबर 100 रुपये पडतात. ज्या भावाला तुम्ही ‘बरा’ म्हणता, त्या भावाला तुम्ही प्रत्येक क्रेटवर एक रुपया पदरचा घातला आहे. आणि यात तुमची, तुमच्या पत्नीची आणि आईची चार महिन्यांची मजुरी कुठेच धरलेली नाही.

आता ‘इतर’ या शब्दाकडे पाहा. 540 रुपये म्हणजे 9,000 रुपयांवर नेमके शेकडा सहा. माझा अंदाज असा की ही आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचे कमिशन, आहे. फक्त तिचे नाव बदलले आहे. जुलै 2016 मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाल्याच्या बाबतीत आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल केला. त्यामुळे हे 540 रुपये कशाचे आहेत, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ही रक्कम कापली गेली नसती तर क्रेटमागे 99 ऐवजी 110 रुपये हाती आले असते आणि तोटा झाला होता तिथे दहा रुपये नफा दिसला असता. नफा आणि तोटा यांच्यातील सगळे अंतर त्या एका ओळीत होते.

यातून दोन आकडे काढून ते घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, असे मी सुचवेन. पहिला आकडा 70 : तोडणी 50, भाडे 15 आणि हमाली 5 रुपये. भाव याच्या खाली गेला, तर तोडलेला प्रत्येक क्रेट तोटा वाढवतो; तेव्हा माल झाडावर सोडणे हा आळस नसून शहाणपण आहे. दुसरा आकडा 170 : ‘इतर’ची कपात नसेल, तर यात लागवडीपासूनचा सगळा खर्च निघतो. 70 आणि 170 यांच्यामध्ये भाव असेल तर मन कितीही कडू झाले तरी तोडणी चालू ठेवावी, कारण लागवडीचा खर्च आधीच होऊन गेलेला आहे आणि जे काही वर मिळेल ते त्या खड्ड्यात भर घालणारेच असते. भाव पडला की रागाच्या भरात बागेत जनावरे सोडणारे आणि भाव 60 वर आला तरी ‘उद्या वाढेल’ म्हणून तोडत राहणारे, असे दोन्ही प्रकारचे शेतकरी मी पाहिले आहेत. मेहनतीत दोघेही कमी नव्हते. त्यांच्याजवळ हे दोन आकडे नव्हते, एवढेच.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने असे आहे. भाजीपाल्यात उद्योजक होणे म्हणजे ‘या भावाला मी माल देणार नाही’ असे म्हणता येईल एवढी जागा स्वतःसाठी तयार करणे होय. कारखानदार माल गोदामात ठेवू शकतो, सोयाबीनवाला पोती थप्पीला लावू शकतो; पण पहाटे बाजारात नेलेली कोथिंबीर दुपारी माना टाकते आणि हे घेणाऱ्याला तुमच्याइतकेच ठाऊक असते. म्हणून नकार देण्याची जागा लिलावात शोधून मिळत नाही. ती लावणीच्या वेळी तयार करावी लागते.

ते कसे, याचे उदाहरण तुमच्याच बाजारात आहे. 2023 च्या मे महिन्यात राज्यात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलैमध्ये नारायणगावला 20 किलोच्या क्रेटला 2,000 रुपयांहून अधिक भाव निघाला. तो भाव पाहून जुलैअखेरीस अनेकांनी रोपे लावली. टोमॅटोला रोप लावल्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण दोन महिने लागतात आणि सप्टेंबरमध्ये तो सगळा माल एकदम आला, तेव्हा भाव पुन्हा कोसळला. आज दिसणारा भाव तुमच्या पिकाला मिळणार नसतो. तो दोन महिन्यांपूर्वी ज्याने लावले त्याचा असतो. म्हणून एकरभर टोमॅटो एका दिवशी लावण्याऐवजी तो दोन किंवा तीन टप्प्यांत लावावा. कोथिंबीर आणि मेथी तर दर आठ-दहा दिवसांनी पाच-पाच गुंठे अशी टाकावी. अशाने एखाद्या आठवड्याचा उच्चांकी भाव पूर्ण क्षेत्राला मिळणार नाही हे खरे. परंतु शंभर जुड्या 300 रुपयांना द्याव्या लागल्या, तर तो फटका पाच गुंठ्यांनाच बसेल. आपल्या रोपवाटिकावाल्याला ‘या पंधरवड्यात किती रोपे गेली?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लावा. तो उत्तर देतो, आणि ते उत्तर दोन महिन्यांनंतरच्या बाजाराविषयी बरेच काही सांगून जाते.

प्रश्न : मी आठवडे बाजारात स्वतः भाजी विकते. वाटाणा, घेवडा, मेथी आणि वांगी घरच्या रानातील असतात. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. बँकेत गेले की सातबारा मागतात. कृषी विभागाच्या प्रशिक्षणाला बोलावणे येते ते माझ्या पतीला, आणि ते तर नोकरीला जातात. संध्याकाळी उरलेला माल मातीमोल भावाने द्यावा लागतो. मी काय करावे? — एक भगिनी, पुरंदर तालुका

ताई, पहिली गोष्ट अशी की वरच्या पत्रातील बंधू जे शिकू पाहत आहेत, त्यातील निम्मे तुम्ही रोज करता. कोणते गिऱ्हाईक पावशेर घेते आणि कोणते दोन किलो, कोणाला कोवळी वांगी लागतात, पाऊस आला की किती वाजता बाजार मोडतो, हे सगळे तुम्हाला तोंडपाठ असणार. हे ज्ञान विक्रीचे आहे आणि ते बांधावर बसून मिळत नाही. कागदोपत्री मात्र तुम्ही शेतकरीही नाही. ही उणीव तुमच्यातील नाही. ती व्यवस्थेची आहे आणि ती दूर करण्यासाठी जे मार्ग उपलब्ध आहेत ते सांगतो.

लक्ष्मी मुक्ती या नावाने ओळखली जाणारी तरतूद 1992 पासून आपल्या राज्यात आहे. तिच्यानुसार पती स्वखुशीने पत्नीचे नाव आपल्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावू शकतो. तुमच्या बाबतीत अडचण अशी की जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे आधी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे सर्वांच्या संमतीने वाटप होऊन ती पतीकडे यावी लागेल. हा विषय घरात काढणे किती अवघड असते, याची मला कल्पना आहे. नणंदा, दीर, जुने रुसवे हे सगळे एकदम समोर येते. तरीही सासरे हयात आणि समाधानी असताना तो काढणे हे नंतर कोर्टात काढण्यापेक्षा कितीतरी बरे.

तोपर्यंत पैशासाठी बचत गटाचा मार्ग धरा. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील गटाला बँक कर्ज देते तेव्हा सातबारा पाहत नाही, गटाची परतफेड पाहते. आणि गटाला 20 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण द्यावे लागत नाही. शिवाय किसान क्रेडिट कार्ड केवळ जमीनमालकालाच मिळते हा समज चुकीचा आहे : कुळाने किंवा वाट्याने कसणारे आणि संयुक्त देयता गटातील (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारे) शेतकरीही त्यास पात्र असतात. बँकेत हे ठामपणे, शक्य झाल्यास गटातील दोघीतिघींना सोबत घेऊन सांगावे. एकटीला ‘साहेब नाहीत’ हे उत्तर मिळते, चौघींना सहसा मिळत नाही.

आता संध्याकाळच्या मालाविषयी. बाजारात बसलेल्या बायकांना मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. दुपारी तीनपर्यंत भाजीवर ओले गोणपाट असते, त्यावर तांब्याने पाणी शिंपडले जाते. पाच वाजता वजनकाटा बाजूला सरतो आणि वाटे लागतात. सहा वाजता दोन वाट्यांचा एक वाटा होतो. शेवटची एसटी साडेसहाची असते आणि भाव ठरवणारी खरी गोष्ट तीच असते. माल घरी नेऊन टिकत नाही म्हणून तो देऊन टाकावा लागतो. यावर पुरंदरसारख्या कोरड्या हवेच्या भागात चांगला उपयोगी पडणारा एक साधा उपाय दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केला आहे, त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. विटांच्या दोन भिंती एकमेकींपासून सुमारे तीन इंच अंतरावर उभ्या करायच्या, मधल्या जागेत वाळू भरायची, सकाळ-संध्याकाळ ती वाळू भिजवायची आणि वर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण ठेवायचे. वीज लागत नाही. उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी कमी राहते, त्यामुळे सोमवारची उरलेली वांगी आणि वाटाणा बुधवारच्या दुसऱ्या बाजारापर्यंत नेता येतो. पालेभाजीला फार दिवस मिळणार नाहीत, पावसाळ्यात तर हा उपाय जवळपास निरुपयोगी आहे. पण जानेवारी ते मे या काळात तुम्हाला सहा वाजता ‘नाही, या भावाला देणार नाही’ असे म्हणता येईल.

आणि एका वहीत दर बाजाराला तीनच गोष्टी लिहा : किती नेले, किती विकले, किती उरले. दोन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की मेथीच्या 80 जुड्या नेण्याऐवजी 55 नेल्या तर गल्ल्यात तेवढेच पैसे येतात.

प्रशिक्षणाच्या बाबतीत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे तुमच्या गटातर्फे एक अर्ज द्या आणि प्रशिक्षण दुपारी बारा ते तीन या वेळेत ठेवण्याची विनंती करा. सकाळी दहाला हजर राहा असे सांगणाऱ्या माणसाला धारा, स्वयंपाक आणि शाळेचे डबे यांचा हिशेब माहीत नसतो.

प्रश्न : मी पदवीधर आहे. घरची दीड एकर जमीन आहे. पुण्यातील सोसायट्यांना व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन थेट भाजी पोहोचवायची इच्छा आहे. टेम्पोसाठी कर्ज घ्यावे का? परवाना लागतो का? — एक तरुण, शिरूर तालुका

कर्ज आत्ता घेऊ नका. ही गोष्ट आधी सांगितली, कारण उत्साहाच्या भरात पहिल्या महिन्यात टेम्पो घेऊन सहाव्या महिन्यात तो वीटभट्टीच्या फेऱ्यांना लावलेली मुले माझ्या परिचयाची आहेत.

परवान्याची भीती बाळगू नका. 2016 च्या त्याच बदलाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरील नियंत्रण राहिलेले नाही, आणि राज्य कृषी पणन मंडळाने शहरांतून शेतकरी आठवडे बाजारही सुरू केले आहेत. तुमची खरी अडचण वेगळीच आहे. सोसायटीतील गृहिणीला एकाच वेळी बटाटा, कांदा, टोमॅटो, भेंडी, गवार, दोन पालेभाज्या, लिंबू, मिरची आणि आले हवे असते. तुमच्या दीड एकरात एका वेळी तीन भाज्या असतील. उरलेल्या तुम्ही मार्केट यार्डातून आणल्यात, तर तुम्ही शेतकरी न राहता फिरते विक्रेते होता. त्यात गैर काही नाही, पण मग तुमची स्पर्धा दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांशी होते आणि तिथे तुमचा टिकाव लागणे कठीण आहे. म्हणून गावातील चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून कोणी काय लावायचे ते आधी ठरवावे आणि निदान दहा-बारा भाज्या आपल्याच शिवारातून निघतील अशी व्यवस्था करावी. ज्या वस्तू बाहेरून आणाल त्या बाहेरच्या आहेत, हे ग्राहकाला सांगावे. हा प्रामाणिकपणा पुढे फार उपयोगी पडतो.

सुरुवात एका सोसायटीपासून, आठवड्यातील एका ठरलेल्या वाराने आणि भाड्याच्या गाडीने करा. तीन महिने तेवढेच करा. प्रत्येक फेरीला डिझेल, गाडीभाडे, टोल, पिशव्या, सुकून गेलेला माल आणि तुमचे सात-आठ तास लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधील एका अभ्यासनिबंधात ग्राहकाने टोमॅटोसाठी दिलेल्या रुपयातील सुमारे 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, असे दाखवले आहे. मधले 67 पैसे आपल्याला मिळतील, असे तुमच्यासारख्या प्रत्येकाला वाटते. त्यातील मोठा भाग वाहतूक, हाताळणी, नासाडी आणि गाळ्याचे भाडे यांचा असतो. दलाल काढून टाकला तरी त्याची कामे उरतात आणि ती तुम्हालाच करावी लागतात. ती दलालापेक्षा स्वस्तात करता आली तरच फरक तुमचा.

दराविषयी माझा अनुभव असा की शहरातील ग्राहक सर्वांत स्वस्त भाजीपेक्षा ठरलेल्या वेळेला येणारी आणि दर आठवड्याला दर न बदलणारी भाजी अधिक पसंत करतो. भेंडीचा दर हंगामभर एकच ठेवता येतो का, हे पाहा. बाजार चढला की तुमचे थोडे नुकसान होईल, पडला की फायदा होईल. आणि त्या ग्राहकाला दुसरीकडे जावेसे वाटणार नाही.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन केली. सभासद 300 च्या वर आहेत. बाजारात भाव असला की सभासद माल व्यापाऱ्याला देतात आणि भाव पडला की कंपनीकडे आणतात. ही वृत्ती कशी बदलावी? — एक संचालक, कोरेगाव तालुका

आपली तळमळ पत्रात शब्दाशब्दाला जाणवते. तरीही ‘वृत्ती’ या शब्दाशी मी सहमत नाही, आणि आपणही थोडा वेळ सभासदाच्या जागी उभे राहून पाहावे, अशी विनंती आहे. शनिवारी त्याला तोडणीच्या बायकांचा आठवड्याचा पगार द्यायचा असतो. व्यापारी बांधावर रोख देतो. आपली कंपनी, आपणच लिहिल्याप्रमाणे, पंधरा दिवसांनी खात्यावर पैसे जमा करते, कारण पुढच्या खरेदीदाराकडून तिला तेव्हाच मिळतात. या परिस्थितीत कंपनीला माल देणे म्हणजे पंधरा दिवसांचे बिनव्याजी कर्ज देणे होय, आणि ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याने ते द्यावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली आणि 2020 मध्ये केंद्राने अशा 10,000 शेतकरी संस्था उभारण्याची योजना आणली. त्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. यातून व्यवस्थापकाचा पगार, संगणक आणि कार्यालयाचे भाडे निघते. परंतु माल घेतल्याबरोबर पैसे देण्यासाठी जे खेळते भांडवल लागते, त्याची सोय कंपनीला वेगळी करावी लागते. बहुतेक कंपन्यांचे पाय येथेच अडकतात, आणि दोष मात्र सभासदांच्या निष्ठेला दिला जातो.

माझी सूचना अशी की सर्व 300 सभासदांचा सर्व माल घेण्याची उमेद सध्या बाजूला ठेवावी. दोनच पिके निवडावीत, घेवडा आणि ढोबळी मिरची म्हणा, आणि 40 सभासद. माल आणल्या दिवशी निम्मी रक्कम हातात, उरलेली आठ दिवसांत, हे वचन पाळता येईल एवढाच माल घ्यावा. प्रतवारी सभासदाच्या समोर करावी. ‘दोन नंबरचा निघाला’ हे फोनवर कळवलेले वाक्य विश्वास मोडण्यास पुरेसे असते. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स आज आपल्याला प्रचंड वाटते. परंतु त्या कंपनीचीही सुरुवात द्राक्ष या एका पिकाच्या निर्यातीपासून झाली आणि टोमॅटो प्रक्रियेसारखी कामे नंतर जोडली गेली, हे विसरू नये.

आणखी एक. रोपे, खते आणि क्रेट कंपनीमार्फत आधी देण्यास सुरुवात केली, तर सभासदाला कंपनी वर्षभर दिसत राहते. केवळ तोडणीच्या दिवशी भेटणारी कंपनी त्याच्या दृष्टीने आणखी एक व्यापारीच असते.

प्रश्न : टोमॅटोचा भाव पडतो तेव्हा घरीच सॉस तयार करून विकावा का? — एक वाचक, संगमनेर तालुका

भाव पडल्यावर सुचलेला प्रक्रिया उद्योग सहसा चालत नाही, कारण यंत्राला आणि ग्राहकाला वर्षभर माल लागतो. शिवाय बाजारासाठी लावलेल्या वाणांत पाणी अधिक आणि गर कमी असतो, त्यामुळे आटवण्यात इंधनच फार जाते. शेतावरील कच्च्या मालाला अन्नसुरक्षा कायदा लागू होत नाही. बाटलीत भरलेल्या सॉसला मात्र नोंदणी लागते. हे सर्व विचारात घेऊनही करायचेच असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत कर्जाशी निगडित अनुदान आहे. परंतु आधी कृषी विज्ञान केंद्रात जाऊन 20 किलोंचा एक घाणा काढून पाहावा आणि तो ओळखीबाहेरच्या दहा माणसांना विकून पाहावा.

प्रश्न : आमचा आडत्या वडिलांच्या काळापासूनचा आहे. बियाणे, औषधे, लग्नकार्य, दवाखाना यांसाठी त्याच्याकडून उचल घेतो. त्यामुळे सगळा माल त्यालाच द्यावा लागतो. शेजाऱ्याला आमच्यापेक्षा क्रेटमागे 20-25 रुपये अधिक मिळतात हे दिसते. पण बोलता येत नाही. या गोष्टीतून बाहेर कसे पडावे? — एक शेतकरी, आंबेगाव तालुका

तुमचे पत्र वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसलो होतो, कारण आमच्या घरीही हेच होते. वडिलांनी घेतलेली उचल किती, हे त्यांना कधी नीट सांगता आले नाही. तो आकडा आडत्याच्या चोपडीत होता आणि ती चोपडी आम्ही कधी मागितली नाही. दिवाळीला आडत्याकडून मिठाईचा पुडा येई आणि वडिलांना त्याचेच अप्रूप वाटे. तेव्हा तुम्हाला ‘आडत्या लुटतो, त्याला सोडा’ असे सांगणे मला जमणार नाही. रात्री अकरा वाजता दवाखान्यात 20 हजार रुपये घेऊन जो माणूस येतो, त्याला बँकेची कोणतीही योजना पर्याय ठरत नाही, आणि त्या उपकाराची जाण ठेवणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्या रात्रीची किंमत तुम्ही किती वर्षे, किती क्रेटवर चुकवत आहात, हे तरी तुम्हाला कळले पाहिजे. क्रेटमागे 20 रुपये आणि वर्षाला 1,500 क्रेट धरले तर 30 हजार रुपये होतात. उचल 1 लाखाची असेल, तर हे शेकडा 30 व्याज झाले, आणि मुद्दल जागच्या जागी राहिले.

याच्या समोर पीककर्जाचा दर ठेवून पाहा. 3 लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांनी पडते. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तेवढेही व्याज नियमित परतफेड करणाऱ्यावर राहत नाही. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण ठेवावी लागत नाही. तुमचे विकास सोसायटीचे जुने खाते थकीत असेल, तर प्रथम ते नियमित करून घ्या, कारण बँकेच्या दारातील अडसर बहुधा तोच असतो. बियाणे आणि औषधे या दोन गोष्टींसाठी येत्या हंगामापासून पीककर्ज वापरा. लग्न आणि दवाखाना यांसाठी तूर्त आडत्याकडेच जावे लागले तरी हरकत नाही. निम्मी उचल कमी झाली तरी तुमचा आवाज पुष्कळ मोकळा होईल.

माल एकदम दुसरीकडे वळवू नका, तसे केल्यास तो संपूर्ण रक्कम एकाच दिवशी मागेल. दर चौथी गाडी दुसऱ्या गाळ्यावर पाठवा आणि त्याला ते आधी स्वतः सांगा. एक सावधगिरी अवश्य बाळगा : बाजार समितीच्या आवारात झालेल्या व्यवहाराचे पैसे बुडाले, तर सचिवांकडे लेखी तक्रार करता येते, आवाराबाहेर, बांधावर किंवा रस्त्याकडेला माल दिला, तर ते संरक्षण तुमच्यामागे नसते. अधिक भावाच्या मोहाने अनोळखी गाडीत माल भरून दिलेल्या आणि पुढे फोन बंद झालेल्या शेतकऱ्यांची पत्रेही आमच्याकडे येतात.

या सगळ्याच्या आधी एक काम करा. येत्या पंधरवड्यात, पट्टी घ्यायला जाल त्या दिवशी, गर्दी ओसरल्यावर गाळ्यावर बसा, चहा घ्या आणि आपल्या नावावर एकूण किती बाकी आहे ते कागदावर लिहून मागा. भांडणाचा सूर नको. ‘मुलाला व्यवहार कळावा म्हणून’ असे म्हटले तरी चालेल, आणि मुलाला खरोखरच सोबत न्या. कागदावर तारीख आणि सही घ्या. आकडा तुमच्या अंदाजापेक्षा कमी निघो वा अधिक, तो आम्हाला कळवा. त्यावरून तो किती हंगामांत फिटेल याचा हिशेब आपण मांडू.